बाहेर पाहणारा डोळा

गारा पडल्या तेव्हा मी दुकानात होते,
साबण आणि काड्यापेटी घेत.
डोंगराकडून ढगांवर रॉकेटं सुटली,
दोन, मग पाच, मग मोजायचं राहिलं.
ढग ऐकत नाहीत, तेलावीत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.
तरी आवाज झाला की बरं वाटतं,
आपल्या वतीने कुणीतरी भांडतंय.

सात मिनिटं.
अक्रोडाएवढ्या नव्हत्या, वाझा काहीही सांगतो.
घेवड्याच्या दाण्याएवढ्या.
गुलाबाच्या पानाला तेवढं पुष्कळ झालं.

घरी आले तर कुंपणाशी
हिरव्या, ओल्या चिंध्या.
कळ्यांचा एकच गाल ठेचलेला.
फांद्यांवर वाऱ्याच्या अंगाला फाटलेली साल,
आत पांढरं.

मग दहा दिवस भुरभुर.
पहिला डाग दिसला, मी कानाडोळा केला.
खालच्या पानावर होता. नेहमी खालूनच सुरुवात.
नीट गोल नसतो तो,
ओल्या उत्तरपत्रिकेवर शाई फुटावी तशा झालरी कडेला.
भोवती पिवळं पडतं,
आणि मग नुसता पदर लागला तरी पान हातात येतं.

वाझा कुंपणावरून म्हणाला, उपटून टाक, एतेरी,
दरवर्षी हाच आजारी पडतो,
बाकीच्यांनाही लावेल.

हा लमाराचा गुलाब.
बारीला जायच्या आदल्या दिवशी तिने काडी खोचली होती,
जगला तर जगला, म्हणाली.
तिकडे ती एका नव्वदीच्या बाईची नखं कापते,
केस विंचरते, औषधं मोजते.
आमच्या आईची नखं मी कापली.
शेवटचीसुद्धा.
यावर आम्ही बोलत नाही.
रविवारी ती विचारते, गुलाब?
मी म्हणते, छान आहे.

चाळीस वर्षं मी मुलांना रसायनशास्त्र शिकवलं.
मोरचूद एका बादलीत, चुना दुसरीत,
बादल्या प्लास्टिकच्या, लोखंडाची अजिबात नाही.
मोरचूद चुन्यात ओतायचा, सावकाश, काठीने ढवळत.
मग घासलेला खिळा बुडवून पाहायचा.
तांबूस झाला. आणखी चुना.
पुन्हा तांबूस. आणखी.
तिसऱ्यांदा तो खिळाच राहिला.
आमच्या मांडवामागची भिंत सासऱ्यांच्या काळापासून
याच फवाऱ्याने निळी आहे.
परवा माझं मनगटही तसंच झालं.

पडलेलं प्रत्येक पान वेचलं, गुडघे टेकून.
खतात टाकायचं नाही, रोग तिथे हिवाळा काढतो.
परसात जाळली.
ओल्या पानांचा धूर डोळ्यांना फार झोंबतो,
एवढंच.

त्या रविवारी ती म्हणाली, कॅमेरा फिरव.
मी आधी टोमॅटो दाखवले.
एतेरी, कॅमेरा फिरव.

चार उघड्या काड्या. टोकाला तीन पानं, निळसर.
बराच वेळ बारीहून फक्त
त्या म्हातारीच्या टीव्हीचा आवाज येत राहिला.

मग, कात्री आण.
साल फाटलीय त्याच्या खाली छाट.
तिथे नाही, तो डोळा आत पाहतोय.
आत पाहणारा ठेवलास तर फांद्या एकमेकींत शिरतात,
मधून वारा जात नाही, पुन्हा डाग.
बाहेर पाहणारा शोध. त्याच्या वर बोटभर, नाही, अर्धं बोट.
तिरकं.

हे तिला मीच शिकवलं होतं. बोलले नाही.
दर छाटीनंतर कात्री पुसली
वाझाच्या घरच्या चाचाने, द्राक्षाच्या चोथ्याची असते, जळजळीत.
दोन थेंब पात्याला.
चौथ्या फांदीनंतर एक घोट मला.
बघतेय मी, ती म्हणाली.

आता पाणी मुळाशीच घालते, सकाळी, पानांवर थेंब उडू न देता.
पाऊस मात्र माझं ऐकत नाही.

सप्टेंबरात एक फूल आलं,
लहान, एका बाजूला कललेलं.
मी लगेच फोटो पाठवला.

तिचं उत्तर रात्री आलं,
म्हातारी झोपल्यावर आलं असणार.

पानं दाखव.